नाव एकच, कंपन्या वेगळ्या: व्हेंडर मास्टर, बिल्टी आणि ई-वे बिलातली गल्लत कशी टाळायची

प्रश्न असा आहे: कारखान्याच्या व्हेंडर मास्टरमध्ये (पुरवठादारांच्या यादीत) एकाच नावाचे तीन-चार पुरवठादार आहेत. कोणी व्हॉल्व्ह आणि सुटे भाग देतो, कोणी माल वाहून नेतो. सगळे एकाच समूहातले असावेत असे धरून बिले एकाच कोडखाली घेतली आणि आता अकाउंट्सने हरकत घेतली आहे. हे एकमेकांचे कोणी लागतात का, ते ओळखायचे कसे? आणि झालेला गोंधळ निस्तरायचा कसा?

आधी निकाल सांगतो, कारणे मागून. नाव बाजूला ठेवा आणि प्रत्येकाचा पॅन बघा. पॅन वेगळा असेल तर तो वेगळा इसम, मग पाटीवर नाव काहीही असो. दोघांमागे मालक एकच आहे का, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर उधारीची मर्यादा ठरवायला उपयोगी पडते, बिल चढवायला नाही.

या गोंधळाचा अगदी चपखल नमुना म्हणजे 'क्रेन'. रिचर्ड टी. क्रेन यांनी १८५५ मध्ये शिकागोत पितळी ओतकामाचा कारखाना काढला, तीच पुढची क्रेन कंपनी. औषध आणि रसायन कारखान्यांत दिसणारे साँडर्सचे डायफ्रॅम व्हॉल्व्ह, झोमॉक्सचे प्लग व्हॉल्व्ह यांच्याच घरचे. क्रेन वर्ल्डवाइड लॉजिस्टिक्स ही मालवाहतूक जुळवून देणारी फ्रेट फॉरवर्डर कंपनी २००८ मध्ये ह्यूस्टनला निघाली. व्हॉल्व्हवाल्या क्रेनशी तिचे नाते नाही. तिसरी क्रेन मॅसॅच्युसेट्समधल्या डाल्टनची. १८०१ पासून कागद बनवणारी ही कंपनी १८७९ पासून अमेरिकी चलनी नोटांचा कागद पुरवत आली. तीही व्हॉल्व्हवाल्यांची कोणी नव्हती, पण २०१८ मध्ये त्यांनी ती विकत घेतली, म्हणजे इतकी वर्षे परके असलेले दोन नामबंधू एका छपराखाली आले. एप्रिल २०२३ मध्ये पुन्हा वाटणी झाली: नोटा आणि पेमेंट यंत्रांचा भाग 'क्रेन एनएक्सटी', विमानाचे भाग आणि व्हॉल्व्हचा भाग 'क्रेन कंपनी'. यातली खोच अशी की जुनी कायदेशीर कंपनीच नाव बदलून एनएक्सटी झाली आणि व्हॉल्व्हवाली क्रेन कंपनी कागदोपत्री नवी निघाली. परदेशातून थेट व्हॉल्व्ह मागवणाऱ्याने २०२३ च्या आधीचे करारपत्र आणि आजचे इनव्हॉइस समोरासमोर ठेवून कंपनीचे पूर्ण नाव जुळते का, हे एकदा पाहावे. 'क्रेन' असे ढोबळ वाचून सोडून देऊ नये.

कारखान्यात याचा फटका कसा बसतो? व्हॉल्व्ह येतात एका क्रेनकडून आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या क्रेनची फ्रेटची (मालभाड्याची) डेबिट नोट येते. डेटा एन्ट्रीवाला 'क्रेन' टाइप करतो, यादीत वर दिसणारा कोड निवडतो. पीओ (खरेदीची ऑर्डर), जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) आणि बिल यांची तिहेरी जुळणी होत नाही, कारण फ्रेटला जीआरएनच नसतो. मग बिल 'होल्ड'वर पडते, फॉरवर्डर डिलिव्हरी ऑर्डर (माल ताब्यात देण्याचा आदेश) सोडत नाही आणि न्हावा शेव्याला कंटेनरवर रोजचे भाडे चढत राहते. घोळ एका ड्रॉपडाउनचा, भुर्दंड डॉलरमध्ये.

नाव सारखे असण्यामागची कारणे वेगवेगळी असतात आणि कारणाप्रमाणे काळजीही वेगळी घ्यावी लागते. क्रेन लॉजिस्टिक्ससारखा निव्वळ योगायोग असेल तर काम सोपे: दोन कोड करा आणि विसरून जा. अवघड जागा आहे ती विभाजनातून आलेल्या नावांची, कारण तिथे लोगो, रंग आणि कधीकधी जुने विक्री प्रतिनिधीसुद्धा तेच असतात. 'लिंडे' घ्या. वेल्डिंगच्या शेडमधला आर्गॉनचा सिलिंडर लिंडेचा आणि गोडाउनमधली फोर्कलिफ्टही लिंडेची. जर्मनीतल्या लिंडेने २००६ मध्ये फोर्कलिफ्टचा धंदा 'किऑन' या नावाने वेगळा काढून विकला. नाव मात्र फोर्कलिफ्टवर राहिले. आज वायूचे बिल लिंडे इंडिया लिमिटेड देते, म्हणजे पूर्वीची बीओसी इंडिया, मुख्यालय कोलकात्याला. फोर्कलिफ्टचे बिल पुण्याची किऑन इंडिया देते. सिलिंडरच्या डिपॉझिटचा वाद फोर्कलिफ्टच्या सर्व्हिस इंजिनिअरकडे काढून उपयोग नाही. उलट बाजूही लक्षात असू द्या: प्रॅक्सएअर इंडिया हे नाव वेगळे दिसते, पण २०१८ च्या विलीनीकरणानंतर तिची मूळ कंपनीही लिंडे पीएलसीच. म्हणजे समान नावाचे परके आणि वेगळ्या नावाचे सख्खे, दोन्ही एकाच व्हेंडर यादीत सापडतात.

व्होल्व्होचेही तसेच. ट्रक, बस आणि उत्खनन यंत्रे बनवणाऱ्या एबी व्होल्व्होने मोटारींचा धंदा १९९९ मध्ये फोर्डला विकला आणि २०१० मध्ये तो चीनच्या जीलीकडे गेला. साहेबांची मोटार आणि कंपनीचा टिपर यांची एएमसी (वार्षिक देखभाल करार) एकाच पत्राने मागता येत नाही.

आपल्याकडे बहुतेक वेळा कारण असते घरातली वाटणी. गोदरेजमध्ये एप्रिल २०२४ च्या समझोत्यानंतर रॅक, फोर्कलिफ्ट, कुलपे बनवणारी गोदरेज अँड बॉइस एका शाखेकडे आणि गोदरेज इंडस्ट्रीज, कंझ्युमर, प्रॉपर्टीज दुसऱ्या शाखेकडे गेली. टीव्हीएसमध्ये २०२२ च्या कौटुंबिक मांडणीनंतर दुचाकी बनवणारी टीव्हीएस मोटर आणि लॉजिस्टिक्सवाली टीव्हीएस सप्लाय चेन सोल्युशन्स वेगवेगळ्या शाखांकडे आहेत. किर्लोस्कर ब्रदर्सचा पंप, किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा जनसेट आणि किर्लोस्कर इलेक्ट्रिकची मोटर एकाच युटिलिटी रूममध्ये शेजारी उभी असतात, पण कंपन्या तीन, पॅन तीन. आणि मालकवर्ग एकच असूनही कंपनी वेगळी असू शकते: टीसीआय एक्स्प्रेस २०१६ मध्ये ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन ऑफ इंडियातून विलग झाली, दोन्ही शेअर बाजारात स्वतंत्र नोंदलेल्या. एकीची बिल्टी (माल बुक केल्याची वाहतूकदाराची पावती) आणि दुसरीचे बिल असा जोड लागला तर तो चुकीचाच. 'घर एकच आहे ना' हा युक्तिवाद ऑडिटर ऐकत नाही.

(जाता जाता: पेन्सिलवाली मित्सुबिशी तेच तीन हिऱ्यांचे चिन्ह वापरते, पण मित्सुबिशी समूहाशी तिचा संबंध नाही. तिने ते चिन्ह १९०३ मध्येच नोंदवले होते, समूहाच्या आधी.)

योगायोग, विभाजन आणि घरातली वाटणी यांनंतरची चौथी जात छोट्या स्थानिक धंद्यांची, संख्येने सगळ्यांत मोठी, आणि नव्वद टक्के डोकेदुखी तिचीच: ओम साई लॉजिस्टिक्स, श्री गणेश इंजिनिअरिंग वर्क्स, महालक्ष्मी ट्रान्सपोर्ट. एवढी सारखी नावे चालतात कशी, असे लोक विचारतात. कंपनी कायदा, २०१३ चे कलम ४ आधीच्या कंपनीशी फार मिळतेजुळते नाव देऊ देत नाही, पण ही चाळणी कंपन्या आणि एलएलपींपुरती (मर्यादित दायित्वाच्या भागीदाऱ्यांपुरती) असते. भागीदारी फर्मची नोंदणी राज्याच्या फर्म निबंधकाकडे, आणि तीही ऐच्छिक. एकल मालकीच्या धंद्याला शॉप ॲक्टचा गुमास्ता काढताना हे नाव देशात आणखी कोणाचे आहे का, ते कोणी पाहत नाही. ट्रेडमार्क वर्गवारीने दिला जातो, यंत्रांचा वर्ग ७ आणि वाहतुकीचा ३९. त्यामुळे एकच नाव दोन वर्गांत दोघांकडे राजरोस असू शकते. म्हणून 'त्यांनी आमचे नाव चोरले' असे पुरवठादार सांगत आला तरी त्या भांडणात खरेदी विभागाने पडू नये. आपल्याला हवा आहे फक्त क्रमांक.

तो क्रमांक वाचायचा कसा, ते नीट पाहून घ्या. जीएसटीआयएन, म्हणजे जीएसटी नोंदणीचा क्रमांक, १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे: २७ महाराष्ट्र, २४ गुजरात, ३० गोवा, २९ कर्नाटक. पुढची दहा अक्षरे म्हणजे जसाच्या तसा पॅन. तेरावे स्थान त्याच पॅनवर त्याच राज्यात कितवी नोंदणी आहे ते सांगते, चौदावे बहुधा 'झेड' आणि पंधरावे तपासणीचे. आता त्या पॅनचे चौथे अक्षर बघा. 'सी' म्हणजे कंपनी, 'एफ' म्हणजे फर्म किंवा एलएलपी, 'पी' म्हणजे व्यक्ती, 'एच' म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब. पाचवे अक्षर कंपनी वा फर्मच्या बाबतीत तिच्या नावाचे पहिले अक्षर असते, व्यक्तीच्या बाबतीत आडनावाचे. लेटरहेडवर 'प्रायव्हेट लिमिटेड' लिहिले आहे आणि चौथे अक्षर 'पी' निघाले, तर तिथेच थांबा. एक तर लेटरहेड खोटे आहे, नाहीतर दोन वेगळ्या धंद्यांची कागदपत्रे एकत्र झाली आहेत. ही तपासणी करायला दहा सेकंद लागतात आणि तरीही ती सगळ्यांत जास्त चुका पकडते.

दोन जीएसटीआयएनमध्ये मधला पॅन तोच आणि पुढचे राज्य वेगळे असेल तर ती एकाच कंपनीची शाखा. तिथे नवा पुरवठादार समजायचे नाही, त्याच पुरवठादाराचे दुसरे नोंदणीस्थान समजायचे. पॅन वेगळा असेल तर पत्ता एकच असला, फोन एकच असला, बिलावर सही करणारा इसम तोच असला, तरी व्हेंडर वेगळा. वडिलांची फर्म आणि मुलाची प्रायव्हेट लिमिटेड एकाच गाळ्यातून चालते, हे तर घरोघरी.

यानंतर जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता 'सर्च टॅक्सपेअर' उघडा. तिथे 'लीगल नेम' आणि 'ट्रेड नेम' अशी दोन नावे दिसतात आणि खरी माहिती त्या दोहोंतल्या फरकात असते. एकल मालकीत ट्रेड नेम 'ओम साई लॉजिस्टिक्स' आणि लीगल नेम त्या माणसाचे असते. पॅन त्याच्याच नावाचा, म्हणून टीडीएसही (पैसे देताना कापलेला आयकर) त्याच्याच नावावर जायला हवा. तिथेच घटना म्हणजे मालकीहक्काचा प्रकार, नोंदणीची तारीख, मुख्य पत्ता, नोंदणी चालू आहे की रद्द आणि रिटर्न भरल्याच्या तारखा दिसतात. पॅन टाकून शोधले तर सर्व राज्यांतल्या नोंदण्या निघतात. कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर मास्टर डेटा पाहा. सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक, २१ अक्षरांचा असतो: पहिले अक्षर 'एल' म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली, 'यू' म्हणजे नसलेली, सातवे-आठवे अक्षर राज्य, त्यापुढचे चार आकडे स्थापनेचे वर्ष. मात्र राज्य बदलले किंवा कंपनी बाजारात आली की सीआयएन बदलतो, म्हणून तो आधाराला घ्या, पाया म्हणून नको. नाव बदलले, पत्ता बदलला तरी पॅन तोच राहतो.

लेटरहेडवर 'स्थापना १९८५' आणि जीएसटी नोंदणी चार महिन्यांपूर्वीची, असे दिसले तर दोन शक्यता. जुन्या फर्मची प्रायव्हेट लिमिटेड झाली असेल, तर ते रास्त आहे, फक्त धंदा हस्तांतराचा करार मागा आणि जुन्या पीओ नव्या नावाने पुन्हा काढा. वॉरंटी आणि उरलेले येणे कोणाकडे गेले, हे त्या करारात असते. करार दाखवता आला नाही, तर कोणीतरी नामसाधर्म्यावर धंदा करतो आहे असे धरून चाला.

वाहतुकीत एक गोष्ट जास्तीची आहे: ई-वे बिलावर, म्हणजे माल नेताना जीएसटीखाली काढाव्या लागणाऱ्या ऑनलाइन कागदावर, टाकायचा ट्रान्सपोर्टर आयडी. जीएसटी नोंदणी असलेल्या वाहतूकदाराचा जीएसटीआयएनच त्याचा आयडी असतो. नोंदणी नसेल तर ई-वे बिल पोर्टलवर नाव नोंदवून त्याला १५ अंकी ट्रान्सइन मिळतो. चाकणच्या वाहतूकदाराऐवजी त्याच नावाच्या नागपूरच्या वाहतूकदाराचा आयडी मास्टरमध्ये असेल तर काय होते, ते पायरीपायरीने बघू. ई-वे बिल निघते, भाग अ मध्ये नागपूरकराचा आयडी जातो. डिस्पॅचवाला स्वतःच गाडी नंबर टाकतो, भाग ब भरतो, गाडी गेटबाहेर पडते. इथवर कोणाच्याच लक्षात येत नाही. हबवर माल दुसऱ्या गाडीत चढवताना चाकणच्या वाहतूकदाराचे ऑफिस नवा गाडी नंबर टाकायला जाते, तर त्याच्या लॉगिनमध्ये हे बिल दिसतच नाही. मुदत २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने सरत असते. मुदतवाढ ही मुदत संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंतच मिळते, आणि तीही नोंदवलेल्या वाहतूकदारालाच. नाक्यावर अडवले तर जीएसटी कायद्याच्या कलम १२९ खाली कराच्या २०० टक्के दंडाची गोष्ट सुरू होते. चूक २४ तासांत कळली आणि वाटेत तपासणी झाली नसेल तर बिल रद्द करून नवे काढा. नाहीतर 'अपडेट ट्रान्सपोर्टर'मधून आयडी बदला, नागपूरकराने ते पुढे कोणाला सोपवले नसेल तोवर हे जमते. गाडी उभी असतानाच हे करायचे.

बिल्टीकडेही लक्ष द्या. वरचे ठळक नाव अनेकदा ब्रँडचे असते आणि माल उचलणारा त्याचा फ्रँचायझी. करार कोणाशी झाला, हे खालच्या बारीक अक्षरांतले पूर्ण नाव, जीएसटीआयएन आणि वाहक म्हणून असलेला नोंदणी क्रमांक यांवरून ठरते. ट्रकच्या फाळक्यावर रंगवलेले नाव मोजू नका. गाडी बाजारातून भाड्याने घेतलेली असू शकते, त्यात गैर काही नाही. हे महत्त्वाचे अशासाठी की माल फुटला किंवा गहाळ झाला तर कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७ च्या कलम १६ प्रमाणे दाव्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत. नोटीस चुकीच्या नामबंधूला गेली तर तो ती शांतपणे बाजूला ठेवतो, दिवस मात्र मोजले जातात. विमा कंपनीही मग हात आखडता घेते, कारण वाहकाकडून वसुली करण्याचा तिचा हक्क तुम्ही घालवलेला असतो. नोटिशीवर नाव बिल्टीतलेच, अक्षर न अक्षर तसेच, आणि बिल्टीची प्रत जोडून पाठवा.

आता पैसे. नेफ्ट-आरटीजीएसमध्ये रक्कम खाते क्रमांकावर जमा होते. १ एप्रिल २०२५ पासून बँका खातेदाराचे नाव आधी दाखवतात, ही सोय चांगली आहे, पण नेमकी इथे ती निकामी ठरते, कारण दोघांचे नाव तेच. म्हणून रद्द केलेला चेक घ्या, आयएफएससीवरून शाखेचे गाव बघा, ते जीएसटीतल्या पत्त्याशी जुळते का ते पाहा, आणि पहिली एक रुपयाची रक्कम पाठवून जुन्या फोन नंबरवर खात्री करा. बँक खाते बदलल्याच्या ई-मेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन करायचा नाही, ठगाने तिथे स्वतःचाच नंबर दिलेला असतो. पैसे चुकीच्या ठिकाणी गेलेच तर त्याच दिवशी बँकेला लेखी विनंती द्या आणि घेणाऱ्याला पत्र पाठवा. भारतीय करार कायद्याच्या कलम ७२ प्रमाणे चुकून मिळालेली रक्कम परत करणे त्याला बंधनकारक आहे. फसवणूक वाटली तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवा.

झालेला गोंधळ निस्तरताना क्रम पाळा. प्रथम त्या सामाईक कोडवर नवे बिल चढणे बंद करा, पण कोड डिलीट करू नका, जुन्या नोंदी लटकतील. मग त्या कोडखालची प्रत्येक बिलाची प्रत काढून जीएसटीआयएनप्रमाणे ढीग लावा. जितके पॅन तितके नवे कोड. नवीन कोडचे नाव 'नाव, गाव, काम' असे ठेवा, उदाहरणार्थ 'ओम साई लॉजिस्टिक्स, चाकण, वाहतूक', आणि सिस्टिममध्ये पॅन व जीएसटीआयएनच्या रकान्याला दुबार नोंद नाकारणारा नियम लावून घ्या. एका पॅनचे येणे-देणे दुसऱ्या पॅनशी परस्पर वळते करू नका, नावे सारखी म्हणून तो अधिकार मिळत नाही. जीएसटीआर-२बीशी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांच्या पोर्टलवरच्या विवरणाशी) ताळा घ्या: बिल एका जीएसटीआयएनचे आणि नोंद दुसऱ्याची असेल तर खरेदीवरच्या जीएसटीचे क्रेडिट जुळणार नाही.

सगळ्यात किचकट उरतो तो टीडीएस. कंत्राटाच्या रकमेवर व्यक्ती वा हिंदू अविभक्त कुटुंबाला १ टक्का, फर्म वा कंपनीला २ टक्के. दहा किंवा कमी मालवाहू गाड्या असलेल्या वाहतूकदाराने पॅनसह घोषणापत्र दिले असेल तर कपात नाही. कोड एक असल्याने दरही एकच लागला असणार आणि वजावट भलत्याच्याच २६एएसमध्ये (आयकर खात्याच्या करजमेच्या पत्रकात) दिसत असणार. ज्याचे पैसे कापले तो फोन करतो, ज्याला फुकट क्रेडिट मिळाले तो करत नाही. तिमाही विवरणपत्राची दुरुस्ती ट्रेसेसवरून (आयकर खात्याच्या टीडीएस पोर्टलवरून) भरा, कमी कापलेली रक्कम व्याजासह भरा, मग प्रत्येक नामबंधूकडून ३१ मार्चच्या बाकीचे खातेपुष्टीपत्र त्याच्या पॅनसह सहीशिक्क्यानिशी घ्या. ते हातात आल्यावरच जुना कोड कायमचा बंद करा.